भटक्यांच्या तंबूंत औषध कोणीं न्यावें?

परधर्मीय मिशनच्या दवाखान्यांचा विषय निघाला कीं आमच्याकडे दोन ठराविक उत्तरें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, औषधाची बाटली हें गळाला लावलेलें आमिष आहे. माशानें तें गिळलें कीं संपलें. दुसरा पक्ष म्हणतो, रोग्याचें दुखणें बरें झालें ना, मग बाकीची चौकशी कशाला? हीं उत्तरें देणारे गृहस्थ बहुधा अशा पेठेंत राहतात कीं, जेथें हांकेच्या अंतरावर तीन डॉक्टर आणि दोन औषधांचीं दुकानें असतात. ज्याच्या बिऱ्हाडापासून वैद्य शेंकडों मैल दूर, आणि ज्याचें बिऱ्हाडही आज येथें तर महिन्यानें दुसऱ्या कुरणावर, अशा मेंढपाळाला या वादांत कोणीं साक्षीस बोलाविल्याचें आमच्या तरी ऐकण्यांत नाहीं. म्हणून अशा लोकांचाच एक जुना दाखला आज वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. दाखला मोंगोलियाचा आहे. तो इतका दूरचा आहे कीं त्यांत आपला मानापमान गुंतलेला नाहीं, आणि म्हणूनच डोकें थंड ठेवून तपासतां येतो.

मोंगोलियाचें पठार म्हणजे गवताचा आणि वाळूचा समुद्र. घोडे, उंट, गाई व याक, मेंढ्या आणि शेळ्या हें तेथील पंचविध पशुधन. माणसाचें अन्न, वस्त्र, इंधन, वाहन सर्व त्यांच्यावर अवलंबून. घर म्हणजे लांकडी जाळीच्या सांगाड्यावर बुरणुसाचे जाड थर गुंडाळलेला वाटोळा तंबू. त्याला ते लोक ‘गेर’ म्हणतात. मध्यभागीं गोवऱ्यांची आगटी आणि वर धूर जाण्यासाठीं एक भोंक. हिवाळ्यांत पारा शून्याखालीं तीस-चाळीस अंश उतरतो, तेव्हां तो धूर आणि ती ऊब यांतच सारें कुटुंब दिवस काढतें. अशा स्थितींत डोळ्यांचे विकार, गार जमिनीवर निजून जडलेला संधिवात, कातडीचे रोग आणि दांतदुखी हीं दुखणीं घरोघर असल्यास नवल नाहीं. उपचाराला मठांतील लामा असत. त्यांचें वैद्यक तिबेटी परंपरेचें, आणि त्या परंपरेचा एक मोठा झरा आमच्याच देशांतला आहे. वाग्भटाचें अष्टांगहृदय अकराव्या शतकांत तिबेटी भाषेंत उतरलें, आणि मठांच्या वाटेनें त्या विद्येचा अंश पुढें मोंगोलियांत पोहोंचला. सह्याद्रीच्या जंगलांत पोत्यांनीं गोळा होणारा आमचा हिरडा त्या वैद्यकांत औषधांचा राजा मानला जातो. ही गोष्ट अभिमानानें सांगण्यासारखी आहे. पण अभिमान येथेंच आवरतों, कारण १८७० च्या सुमारास त्या पठारावर लामाच्या औषधासोबत मंत्रपाठ आणि मंत्रपाठासोबत दक्षिणा येत असे, आणि ती बहुधा जनावरांच्या रूपानें द्यावी लागे. औषधाला धर्म चिकटविण्याची कला मिशनऱ्यांनींच प्रथम काढली असें ज्यांस वाटतें, त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

या लोकांत जेम्स गिलमूर नांवाचा स्कॉच मनुष्य गेला. त्याचा जन्म १८४३ चा. लंडन मिशनरी सोसायटीनें त्याला १८७० मध्यें पेकिंगला पाठविलें. याच सोसायटीचें एक ठाणें पूर्वी बैकल सरोवरापलीकडच्या बुरियात मोंगोलांत वीसएक वर्षें चाललें होतें. तेथील मिशनऱ्यांनीं बायबलाचें मोंगोल भाषेंत भाषांतर करण्याचा मोठा उद्योग केला. परंतु अनुयायी बोटांवर मोजण्याइतकेच मिळाले, आणि १८४० मध्यें झारच्या सरकारनें तें ठाणें बंद पाडलें. मेंढपाळांच्या श्रद्धेचें रक्षण व्हावें हा हेतु त्यांत नव्हता. सरकारमान्य चर्चखेरीज दुसऱ्या कोणीं तेथें उपदेश करूं नये एवढाच त्याचा अर्थ. बंदीच्या हुकुमांतून पुष्कळदां असाच दुसरा कोणीतरी दावेदार डोकावत असतो.

गिलमूर पेकिंगला येऊन चार महिने होतात न होतात तोंच वाळवंट ओलांडून रशियाच्या सरहद्दीवरील क्याख्त्यापर्यंत गेला, आणि पुस्तकांतून भाषा येत नाहीं असें दिसतांच एका लामाच्या तंबूंत बिऱ्हाडकरू म्हणून राहिला. तो डॉक्टर नव्हता. औषधांची एक पेटी, थोडें वाचन आणि इस्पितळांत पाहून उचललेलें ज्ञान, एवढीच त्याची सामुग्री. आजच्या कायद्यानें त्याच्यावर खटला भरतां आला असता. पण त्या पठारावर त्याला हटकणारा दुसरा डॉक्टरही नव्हता. हिवाळ्यांत मोंगोल लोक लोणी आणि गोठलेलें मांस विकण्यासाठीं पेकिंगला येत व ठराविक सरायांत उतरत. तेव्हां हा गृहस्थ एका हातांत औषधांची पिशवी आणि दुसऱ्या हातांत पुस्तकें घेऊन त्या सरायांच्या अंगणांत फिरे. उन्हाळ्यांत तंबू घेऊन पठारावर जाई. १८७४ मध्यें त्याचें लग्न झालें. वधू इंग्लंडहून आली, आणि तीही त्याच्याबरोबर तंबूंत राहून मोंगोल भाषा बोलूं लागली. १८८५ मध्यें ती वारली.

त्यानें १८८३ मध्यें छापलेल्या आपल्या मोंगोलांवरील ग्रंथांत रोग्यांविषयीं जें लिहिलें आहे तें वाचतांना हंसूं येतें आणि लगेच विचारही सुचतो. नाडी पाहिल्यावर वैद्याला सर्व आपोआप समजलें पाहिजे अशी त्यांची समजूत. प्रश्न विचारणारा वैद्य तो कच्चा. कोणाला लठ्ठ व्हावयाचें असे, कोणाला दारू सोडावयाची असे, कोणाला दाढी हवी असे, आणि गोऱ्या साहेबासारखें कातडें तर बहुतेकांना हवें असे. यावर आमच्या शहरी वाचकांनीं फार हंसूं नये. त्यांच्याच वर्तमानपत्रांत शेवटच्या पानावर ज्या जाहिराती असतात त्या याच चार गिऱ्हाइकांसाठीं असतात.

त्याच्या चरित्रांतील खरी मोलाची गोष्ट म्हणजे त्यानें मांडलेला एक हिशेब. पठारावर इतकीं वर्षें घालवून फळ दिसेना, म्हणून तो १८८६ मध्यें पूर्व मोंगोलियाच्या शेतीवाडीच्या भागांत एकटा गेला. तेथें मोंगोल आणि चिनी दोन्ही वस्ती मिसळलेली. बाजार आणि जत्रा भरे तेथें तंबू ठोकावयाचा, दिवसभर औषध द्यावयाचें, येणाऱ्या-जाणाऱ्याशीं धर्माविषयीं बोलावयाचें, असा क्रम. आठ महिन्यांच्या शेवटीं त्यानें व्यापाऱ्याच्या खतावणीप्रमाणें आंकडे उतरविले. तपासलेले रोगी सुमारें ५,७००. उपदेश ऐकणारे सुमारें २४,०००. विकलेलीं पुस्तकें तीन हजारांवर. वाटलेलीं पत्रकें साडेचार हजार. प्रवास १,८६० मैल. आणि जमेच्या रकान्यांत, उघडपणें ख्रिस्त पत्करणारे इसम दोन.

आमच्या व्यापारी वाचकांनीं हा ताळेबंद नीट पाहावा. ज्यानें तो लिहिला त्यानें तो दडविला नाहीं, फुगविला नाहीं. सोसायटीला जसा होता तसा कळविला. ही प्रामाणिकता आमच्या किती सार्वजनिक संस्थांच्या वार्षिक अहवालांत आढळते? परंतु मुद्दा निराळाच आहे. औषध हें आमिष असेल तर तें घेणारे ५,७०० आणि गळाला लागलेले दोन! म्हणजे अठ्ठावीसशें पन्नास माणसांनीं आमिष खाल्लें तेव्हां कोठें एक गळाला लागला. याचा अर्थ असा कीं त्या तंबूवासी आणि बाजारकरी लोकांना औषध आणि उपदेश यांतला फरक पक्का कळत होता. मलम त्यांनीं घेतलें, डोळ्यांत थेंब घालून घेतले, आणि उपदेश शांतपणें ऐकून आपल्या वाटेनें निघून गेले. अडाणी मनुष्य गोळीबरोबर धर्मही गिळतो असें जे म्हणतात ते मिशनऱ्यावर टीका करीत नाहींत. ते आपल्या अडाणी भावाचा अपमान करितात.

तरी मिशनरी निर्दोष ठरतो असें नव्हे. येथें कायद्याचा एक जुना दंडक आठवतो. १८७२ च्या भारतीय कराराच्या कायद्याच्या सोळाव्या कलमांत गैरवाजवी दडपणाची व्याख्या आहे. वय, आजार, अथवा शरीर-मनाचा क्लेश यांमुळें ज्याची विचारशक्ति ढळली आहे, अशा मनुष्याशीं करार करणारा हा त्याच्या इच्छेवर सत्ता चालविण्याच्या स्थितींत आहे असें तें कलम धरितें. पुढें तो करार एकतर्फी वाटला, तर दडपण आणलें नाहीं हें सिद्ध करण्याचा बोजा त्या बलवान पक्षावरच पडतो. धर्म म्हणजे करार नव्हे हें आम्हांसही ठाऊक आहे. पण न्यायबुद्धि एकच असते. दहा बिघे जमिनीचें खत रोग्याच्या उशाशीं बसून लिहून घेतलें तर न्यायाधीश भुंवई उंचावतो. मग जन्मभराची श्रद्धा त्याच उशाशीं बसून मागणें शोभतें काय? ज्याचा डोळा दुखतो त्याच्या हातांत प्रथम औषध द्यावें, आणि पुस्तक द्यावयाचें तर तो बरा होऊन, घोड्यावर बसून, स्वतःच्या पायानें परत आल्यावर द्यावें. गिलमूरनें ही मर्यादा पाळली नाहीं. त्याचा तंबू एकाच वेळीं दवाखानाही होता आणि व्यासपीठही. मोंगोलांनीं त्याला दाद दिली नाहीं ही त्यांची शहाणीव, त्याचें पुण्य नव्हे.

परंतु या माणसाच्या कथेंत दुसरा एक प्रसंग आहे आणि तो आम्हांस अधिक बोंचतो. आपण डॉक्टर नाहीं हें शल्य त्याला सतत असे. सोबतीला एक शिकलेला डॉक्टर द्या, अशी मागणी तो वर्षानुवर्षें करीत राहिला. अखेर १८८८ मध्यें एक डॉक्टर येऊन दाखल झाला. इतक्यांत तिएन्त्सिन शहरांतील मिशन-इस्पितळाचे डॉक्टर मॅकेंझी वारले. आणि शहरचें इस्पितळ बंद पडूं नये म्हणून त्या नव्या डॉक्टरला थोड्याच दिवसांत तिकडे हलविण्यांत आलें. गिलमूर पुन्हां एकटा. शहरांत इमारत होती, नांव होतें, मोठ्यांचा आश्रय होता. तंबूंत केवळ रोगी होते. हें वाचून आपल्या जिल्ह्यांतील वाचकांस कांहीं आठवेल. आडवळणाच्या आरोग्यकेंद्रावर नेमलेला डॉक्टर तालुक्याला ‘तात्पुरता’ हलविला जातो आणि तालुक्याचा जिल्ह्याला. फळ्यावर नांव राहतें, खुर्ची रिकामी राहते. पुढें गिलमूरला दुसरा एक डॉक्टर मिळाला, पण आयुष्य फारसें उरलें नव्हतें. २१ मे १८९१ रोजीं टायफस तापानें तो तिएन्त्सिन येथें वारला, तेव्हां त्याचें वय अठ्ठेचाळीसही पुरें नव्हतें. त्याच्या हेक्यांविषयीं त्याचेच सहकारी कुरकुर करीत. जो ख्रिस्ती होऊं पाहील त्यानें अफू व दारूच नव्हे, तर तंबाखूही सोडली पाहिजे, हा त्याचा आग्रह इतर मिशनऱ्यांना अतिरेकी वाटे. दारूबंदीच्या बाबतींत आमचा कौल अर्थात् गिलमूरच्या बाजूला आहे.

यापुढची हकीगत मिशनची नव्हे, सरकारची आहे, आणि ती सांगितल्यावांचून हा दाखला पुरा होत नाहीं. १९२१ च्या क्रांतीनंतर मोंगोलियांत नवें राज्य आलें, आणि रशियन डॉक्टरांच्या मदतीनें त्यानें सरकारी वैद्यकाचा पाया घातला. हळूहळू एक अशी व्यवस्था उभी राहिली कीं, तिच्यांत फिरत्या माणसाला स्थिर होण्याची अट नव्हती. तालुक्यासारखा जो ‘सुम’ त्यांत एक लहान इस्पितळ. आणि त्याखालच्या ‘बग’ या विभागांत एक फेल्डशर, म्हणजे डॉक्टरहून कमी पण परिचारिकेहून अधिक शिकलेला आरोग्यसेवक. तो घोड्यावरून, अलीकडे मोटारसायकलवरून, तंबू-तंबू हिंडतो. कुरणावरच्या गर्भिणी स्त्रियांनीं दिवस भरत आले म्हणजे सुमाच्या ठिकाणीं येऊन राहावें यासाठीं खास घरें काढलीं गेलीं. ही युक्ति साधी, पण तिच्यांत त्या लोकांच्या आयुष्याची खरी ओळख दिसते. बाळंतवेदना सुरू झाल्यावर शंभर मैल घोडा दौडविण्यापेक्षां पंधरा दिवस आधीं येऊन बसणें बरें, एवढेंच त्यांतलें शास्त्र.

पण या सरकारनेंही फुकट कांहीं दिलें नाहीं. १९३७ ते १९३९ या काळांत त्यानें सातशेंहून अधिक मठांपैकीं बहुतेक सर्व उद्ध्वस्त केले. पंधरा हजारांहून अधिक लामा मारले गेले. त्यांत वैद्य लामा होते, त्यांचे ग्रंथ होते, आणि आमच्या वाग्भटाचा तो दूरचा वारसाही होता. मिशनऱ्यानें औषधासोबत श्रद्धा मागितली. या राज्यानें औषध देऊन जुन्या वैद्याचा जीव घेतला. यांतला महागडा सौदा कोणता हें सांगावयास वकील नको. लोकशाही आल्यावर १९९० नंतर जुनें वैद्यक पुन्हां डोकें वर काढूं लागलें, आणि १९९२ च्या घटनेनें धर्मस्वातंत्र्य दिल्यानंतर मिशनही परत आलें. २०२३ मध्यें पोप फ्रान्सिस उलानबातरला गेले तेव्हां तेथील कॅथॉलिकांची संख्या दीड हजाराच्याही आंत होती. तेथें गरिबांसाठीं आणि आजाऱ्यांसाठीं काढलेल्या एका गृहाचें उद्घाटन करितांना, ही सेवा माणसें ओढण्यासाठीं आहे हा समज खोटा आहे, अशा अर्थाचें त्यांनीं बजावून सांगितलें. गिलमूरच्या पिढीला हें वाक्य उच्चारतां आलें नसतें. शब्दांप्रमाणें कृति होते कीं नाहीं हें पाहाणें मोंगोलांचें काम आहे, आणि त्यांचा इतिहास पाहतां तें त्यांना साधेल.

जातां जातां एक गोष्ट. पठारावर ‘तारबगान’ नांवाची मोठी घूस-वजा खार असते. तिच्या अंगांत प्लेगचें विष असतें. आजारी, सुस्त तारबगानला हात लावूं नये हें मोंगोल शिकाऱ्याला परंपरेनें ठाऊक होतें. पुढें युरोपच्या बाजारांत त्या कातड्याला भाव चढला, तेव्हां दुरून आलेले नवखे शिकारी हजारोंनीं मांचूरियांत घुसले; त्यांना तें ज्ञान नव्हतें. १९१०-११ च्या फुफ्फुसाच्या प्लेगानें तेथें सुमारें साठ हजार माणसें नेलीं. डॉ. वू लिएन-तेह या मलायांत जन्मलेल्या चिनी डॉक्टरानें मुखपट्ट्या, विलगीकरण आणि प्रेतदहन यांच्या बळावर ती सांथ आवरली. तंबूंत जाणाऱ्या डॉक्टरनें केवळ द्यावयास नव्हे तर विचारावयासही जावें, याला याहून सबळ पुरावा आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां घराकडे वळूं. महात्मा गांधींनीं १९३१ मध्यें स्पष्ट म्हटलें होतें कीं, मिशनरी जर निव्वळ माणुसकीचें काम न करितां वैद्यकी व शिक्षण यांच्या द्वारें धर्मांतर करणार असतील, तर त्यांनीं येथून जावें हें बरें. नागपुरास न्या. नियोगी यांच्या अध्यक्षतेखालीं बसलेल्या समितीनें १९५६ मध्यें वैद्यकीय सेवेचा धर्मांतराचें प्रत्यक्ष साधन म्हणून होणारा उपयोग कायद्यानें बंद करावा अशी शिफारस केली. ओरिसाचा १९६७ चा आणि मध्य प्रदेशाचा १९६८ चा कायदा सर्वोच्च न्यायालयानें १९७७ मध्यें स्टॅनिस्लाउस खटल्यांत उचलून धरला. धर्माचा प्रसार करण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याला आपल्या धर्मांत ओढण्याचा हक्क नव्हे, असा तो निर्णय. इथपर्यंत आमची कांहीं तक्रार नाहीं. परंतु पुढें प्रलोभनाची व्याख्या फुगत चालली आहे. उत्तर प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्यांत भेट, पैसा, नोकरी, धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेंतील मोफत शिक्षण, इतकेंच काय पण ‘ऐहिक लाभ’ हा शब्दही प्रलोभनांत येतो. ऐहिक लाभांत खोकल्याचें औषध येतें कीं नाहीं हें ठरविणारा पहिला मनुष्य न्यायाधीश नसून ठाण्यावरचा फौजदार असतो. ज्या कायद्याचा अर्थ फौजदाराच्या मर्जीवर लोंबकळतो तो कायदा लबाड मिशनऱ्याला अडवील न अडवील, पण भल्या डॉक्टरला मात्र आडगांवीं जाण्यापासून परावृत्त करील.

आणि तो गेला नाहीं तर तेथें दुसरा कोण जाणार आहे? हा प्रश्न हवेंतला नाहीं. दिवाळी झाली कीं पारनेर तालुक्यांतील धवळपुरी, फलटण, बारामती अशा कोरड्या मुलुखांतून धनगरांचे वाडे निघतात. हा वाडा चिरेबंदी नव्हे. चार-दहा कुटुंबें, शेंकडों मेंढ्या, सामान लादलेलीं घोडीं, कुत्रीं, कोंबड्या, आणि घोड्याच्या पाठीवर बोचक्यांत बसविलेलीं लहान मुलें, हा वाडा. घाट उतरून ते कोंकणांत जातात, कापणी झालेल्या शेतांत रात्रीं मेंढ्या बसवितात, आणि त्या खताच्या मोबदल्यांत शेतकरी धान्य किंवा पैसा देतो. पाऊस लागण्यापूर्वीं पुन्हां वर. शेंकडों वर्षांचा हा क्रम आमच्या पेठांना चांगला ठाऊक आहे, कारण मेंढी, लोंकर आणि घोंगडी यांचे व्यवहार याच पेठांतून होत आले.

आमची आरोग्यव्यवस्था मात्र गांवाच्या हिशेबानें आखलेली आहे. पांच हजार वस्तीमागें एक उपकेंद्र, डोंगराळ व आदिवासी भागांत तीन हजारांमागें एक. हजार माणसांमागें एक आशा सेविका. हा हिशेब ज्या माणसाला दारावर क्रमांक आहे त्याच्यासाठीं ठीक आहे. वाड्याबरोबर चाललेल्या स्त्रीचें नांव ज्या गांवच्या यादींत आहे तेथें ती आठ महिने नसते, आणि जेथें ती असते तेथील यादींत तिचें नांव नसतें. तिच्या मुलाला पहिली लस वर मिळाली तर दुसरी कोणाच्या खात्यावर? माघांत ती बाळंत होणार असेल तर कोणत्या उपकेंद्रानें तिची वाट पाहावयाची? दोन्हीकडचे सेवक आपापल्या जागीं निर्दोष असतात, आणि मूल राहून जातें.

हें अशक्य आहे असें म्हणण्याची सोय नाहीं. पोलिओच्या मोहिमेंत हेंच काम झालेलें आहे. त्या वेळीं भटक्यांचे तळ, वीटभट्ट्या, बांधकामांवरच्या झोपड्या यांच्या वेगळ्या याद्या केल्या गेल्या. मूल कोठलें हें न विचारतां तें आज येथें आहे एवढ्यावर त्याच्या तोंडांत थेंब पडले. भारतांतला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, आणि मार्च २०१४ मध्यें देश पोलिओमुक्त ठरला. म्हणजे माणूस शोधावयाचा ठरविला तर सरकारला तो सांपडतो. थेंबांपुरता सांपडलेला मनुष्य इतर दुखण्यांच्या वेळीं हरवतो, ही अडचण नकाशाची नसून इच्छेची आहे.

करावयाचें काय तेंही फार मोठें नाहीं. घाटाखालीं जेथें वाडे उतरतात त्या भागांतल्या आठवड्याच्या बाजारीं त्या मोसमांत एक परिचारिका आणि पंधरवड्यास एक डॉक्टर बसावा. गिलमूरनें जत्रेंत तंबू ठोकण्याची युक्ति मिशनरी म्हणून काढली, ती धर्म वजा करून उचलण्यास हरकत कोणती? आईजवळचें लसीकरणाचें कार्ड कोणत्याही उपकेंद्रावर तोंड वांकडें न करितां चालावें. दिवस भरत आलेल्या बाईला मोंगोलियांतल्याप्रमाणें ग्रामीण रुग्णालयाशेजारीं आठ-पंधरा दिवस टेकावयास एक खोली असावी, आणि तिच्यामागें वाड्याचें काम अडतें म्हणून कांहीं भत्ताही असावा. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची आणि जेजुरीस खंडोबाची यात्रा भरते तेव्हां हा समाज आपण होऊन एकत्र येतो. त्या दिवशीं डोळे व दांत तपासण्यापुरता मांडव घालावयास कोणाची परवानगी लागते?

आणि एक अट. या मांडवांत बायबल नको, तसाच पुढाऱ्याचा फलकही नको. निवडणुकीच्या तोंडावर जीं आरोग्य-शिबिरें निघतात, ज्यांत चष्म्याच्या डबीवर उमेदवाराचा मुखडा छापलेला असतो, तीं याच कुळींतलीं होत. रोग्याच्या उशाशीं बसून श्रद्धा मागणारा आणि मत मागणारा यांत आम्हांस फारसा भेद दिसत नाहीं. पहिल्यानें निदान १,८६० मैलांची पायपीट तरी केली होती.

आमच्या व्यापारी मंडळांनीं आजवर धर्मशाळा बांधल्या, पाणपोया घातल्या, पांजरपोळ चालविले. मिरजेस डॉ. वानलेस यांनीं १८९४ मध्यें इस्पितळ उभें केलें, आणि दक्षिण महाराष्ट्रांतल्या सनातनी घरांतलीही माणसें तेथें शस्त्रक्रियेस गेलीं व आपापल्या देवघरांत परत आलीं. मिशनची निंदा करणाऱ्या सभांना वर्गणी देणाऱ्यांपैकीं किती जणांनीं वाड्यावरच्या बाईसाठीं एक खोली दिली, याची गणती ज्यानें त्यानें आपल्या खतावणींत पाहावी. यंदाही दिवाळीनंतर वाडे हलतील. त्यापूर्वीं घाटाखालच्या एखाद्या तालुक्याच्या व्यापारी मंडळानें बाजाराचा वार कोणता, खोली कोणाची, परिचारिकेच्या येण्याजाण्याचा खर्च कोण सोसणार, एवढें ठरवून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांस लेखी दिलें आणि त्याची एक प्रत इकडे पाठविली, तर ती आम्ही याच स्तंभांत छापूं; अधिकाऱ्यांचें उत्तर येईल तेंही छापूं, आणि न आल्यास किती दिवस आलें नाहीं तेंही.